स्टेजवर झोपलेली मुलगी आणि परीक्षेला बसलेली मुले

९ सप्टेंबर १९३८ रोजी सोलापूरच्या नूतन थिएटरात मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा जलसा झाला. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली मुलगी गायली. तिला नऊ वर्षे पूर्ण व्हायला अजून १९ दिवस बाकी होते. तिने खंबावती म्हटला आणि वडिलांची नाट्यपदे म्हटली. शास्त्रीय गाण्यासाठी लता मंगेशकर लोकांसमोर बसल्या, त्याची ही पहिली नोंद. जलशाच्या जाहिरातीसाठी काढलेला तिचा फोटो उपलब्ध आहे. २०२१ मध्ये लताबाईंनी तो समाजमाध्यमावर ठेवला आणि गायला लागून ८३ वर्षे झाली यावर विश्वास बसत नाही, असे लिहिले. नसरीन मुन्नी कबीर यांच्याशी झालेल्या आणि २००९ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या संवादातही ही हकीकत आहे.

सोलापूरकर ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि सांगावीच. पण सांगताना तिचा उत्तरार्ध हमखास गळतो. लताबाईंच्या आठवणीप्रमाणे मुलगी आधी गायली, मग वडील गायला बसले, आणि ते गात असताना ती स्टेजवरच झोपून गेली. सत्कारसमारंभात हा तपशील कोणी सांगितला तर लोक गोड हसतात आणि पुढे जातात. माझ्या मते या हकीकतीत शिकण्यासारखे जे आहे, ते या झोपेत आहे.

मी गायक नाही. संगीताची एकही परीक्षा मी दिलेली नाही. पोटापाण्याचे काम हिशेबाचे, आणि नाद जुन्या पुस्तकांचा. रद्दीच्या दुकानांतून आणि हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या कपाटांतून गायकांची चरित्रे, आत्मचरित्रे, आठवणींचे गौरवग्रंथ वाचत गेलो. मुलीच्या निमित्ताने परीक्षा केंद्राबाहेरच्या बाकावर बरीच वर्षे बसलो. पुस्तकातले बालपण आणि बाकावरचे बालपण यांचा मेळ बसेना, म्हणून हा लेख.

आपल्याकडची गायकांची चरित्रे एका म्हणीवर उभी आहेत : मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. पहिल्या प्रकरणात पाय दिसायलाच लागतात. मूल तीन वर्षांचे असताना सुरात रडते, पाचव्या वर्षी शिष्याची चूक काढते, सातव्या वर्षी थोरामोठ्यांना थक्क करते. दीनानाथांचा एक शिष्य पूरिया धनाश्री घोकत होता आणि लहानग्या लताने त्याला ‘असे नाही, असे’ म्हणून दाखवले, ही हकीकत तर घरोघरी माहीत आहे. दाराशी येऊन ऐकणाऱ्या वडिलांनी आपल्याच घरात गायिका आहे हे ओळखले. प्रसंगाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण चरित्रकार तो मुलीच्या अलौकिकतेचा पुरावा म्हणून मांडतो आणि तेथेच थांबतो. पालकाने वाचावी ती ओळ त्याच्या पुढची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता वडिलांनी तिला उठवून तंबोऱ्यापाशी बसवले. म्हणजे ओळखणे एका क्षणात झाले, आणि बसवणे रोजचे होते. आपली चरित्रे क्षणाला चार पाने देतात आणि रोजला अर्धी ओळ.

यात लेखकांचाच दोष आहे असेही नाही. रोज सकाळी काय झाले हे लिहिण्यासारखे नसते. पण त्यामुळे झाले असे की ज्याचे मूल साधारण आहे (आणि बहुतेकांचे मूल साधारणच असते) त्या आईबापाला या ग्रंथांतून एकच प्रश्न मिळतो : आमच्या मुलात ‘ते’ आहे का? हा प्रश्न घेऊन लोक क्लासच्या दारात येतात, आणि उत्तर म्हणून प्रमाणपत्र मागतात.

आता सोलापूरचा जलसा पुन्हा वाचू. १९३८ मध्ये दीनानाथांचे बरे दिवस सरले होते. १९१८ साली उभी केलेली बळवंत संगीत मंडळी मोडली होती. बोलपटांनी नाटकांचा प्रेक्षक ओढून नेला होता आणि त्यांनी स्वतः चित्रपटाच्या धंद्यात हात घातला तर तोही पोळला होता. जलसा ही हौस नव्हती, चूल होती. अशा वेळी ‘बापलेकीचे गाणे’ ही चांगली चालणारी जाहिरात होती आणि ती केली गेली, फोटो त्याचाच आहे. तेव्हा वडिलांनी मुलीला बाजारापासून दूर ठेवले वगैरे भाबडे चित्र मी रंगवणार नाही. मला लक्षात घ्यावेसे वाटते ते इतकेच की राग कोणता म्हणायचा हे, तिच्या सांगण्याप्रमाणे, तिने सांगितले. ती रात्र चढण्याआधी गायली, ताजी असताना गायली. आणि तिचे गाणे झाल्यावर तिच्याकडून काहीही अपेक्षित नव्हते. जागे राहण्याचीसुद्धा अपेक्षा नव्हती. मैफल वडिलांची होती आणि ती त्यांनी पेलली. मुलीने पहिला घास खाल्ला, पंगत उठवण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती.

याच्या शेजारी कुमार गंधर्वांचे बालपण ठेवून पाहावे. ८ एप्रिल १९२४ चा जन्म, गाव बेळगावजवळचे सुळेभावी. वडील सिद्धरामय्या कोमकळी स्वतः गाणारे. मुलगा थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा, ताना-मुरक्यांसकट, म्हणून दाखवू लागला. एका मठाच्या स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ म्हटले, ते नाव चिकटले, आणि जलशांचे दौरे सुरू झाले. येथे मैफल मुलाची होती. लोक त्याला ऐकायला येत होते आणि तिकिटेही त्याच्याच नावावर जात होती. १९३६ च्या सुमारास, बारा वर्षांच्या आसपास, हा गाजलेला मुलगा मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या हवाली केला गेला. देवधरांची स्कूल ऑफ इंडियन म्युझिक १९२५ ची, ऑपेरा हाउसच्या परिसरातली. जो मुलगा मोठमोठ्यांची गाणी हुबेहूब गातो, त्याला आपण काय गातो हे कळावे यासाठी हा उलटा प्रवास होता. आधी टाळ्या, मग सा.

अनुकरणातून बाहेर पडून कुमारांनी पुढे जे केले त्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. वडिलांच्या या निर्णयावर मात्र फार थोडे. चालता दौरा थांबवून मुलाला दुसऱ्याच्या घरी शिकायला ठेवणे यासाठी लागणारे धैर्य मला मुलाच्या प्रतिभेइतकेच दुर्मिळ वाटते. आज दूरदर्शन वाहिन्यांवरच्या बालगायकांच्या स्पर्धांमधून दर दोन-चार वर्षांनी नवी नावे येतात. त्यांतल्या किती मुलांच्या घरी ‘आता दोन वर्षे कार्यक्रम बंद’ असे म्हणणारा कोणी असेल? असेलही. त्याची मुलाखत कोणी घेत नाही एवढे खरे.

कायद्याने या बाबतीत थोडे डोळे उघडे ठेवले आहेत. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत कलाकार म्हणून काम करणाऱ्या मुलासाठी मर्यादा घातल्या गेल्या : दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मिळकतीचा किमान २० टक्के हिस्सा त्याच्या नावावर मुदतठेवीत. नियम चांगले आहेत. पण गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या हॉलमध्ये ‘बेटा, एक होऊन जाऊ दे’ म्हणणाऱ्या काकांना कोणता नियम लावणार? तिथे मुलाच्या बाजूने बोलणारे एकच माणूस असते, ते म्हणजे त्याला सोबत घेऊन आलेली आई किंवा बाप. आणि बहुतेक वेळा टाळ्या ऐकून सर्वांत आधी विरघळतो तो तोच.

आता परीक्षेकडे. रसिकांच्या बैठकीत गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची टिंगल करणे हा सभ्य समाजातला एक खेळ आहे. त्यात मी सामील होत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणे शिकायचे तर उस्तादाच्या घरी पडेल ते काम करत वर्षानुवर्षे राहायचे, हाच रिवाज होता. पलुसकर स्वतः त्याच वाटेने आले. कुरुंदवाडचा हा मुलगा, उत्सवातल्या फटाक्याने डोळे अधू झालेला, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला. (दिवाळी अंकात हे वाचताना पालकांनी फटाक्यांच्या पिशवीकडेही एक नजर टाकावी.) त्यांनी वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तके, स्वरलिपी आणली. ऑगस्ट १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पायऱ्यांची परीक्षा ही कल्पना जगात नवी नव्हती. लंडनचे असोसिएटेड बोर्ड १८८९ चे आहे, आणि त्याच्या आठ इयत्ता आज मुंबई-पुण्याची मुलेही देतात. पण पलुसकरांच्या परंपरेने जे केले ते वेगळे होते. जे गाणे घराण्याच्या उंबऱ्याआड होते, ते फी भरणाऱ्या कोणत्याही घरातल्या मुलाला मागता येऊ लागले.

याचा अर्थ सोलापुरात फार नीट कळतो. आमच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट सकाळपासून असतो. घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड, शाळेची मराठी, आणि बंदिशीची ब्रज. बाप मागावर, आई विड्या वळते. त्या घरातली मुलगी भूप आणि दुर्गा म्हणते, कारण प्रारंभिकच्या पुस्तकात ते आहेत आणि परीक्षेचा फॉर्म शंभर मुलांबरोबर तिचाही भरला जातो. उस्तादाच्या दारात तिला कोणी उभे केले असते असे मला वाटत नाही. परीक्षेला हसणाऱ्यांनी या मुलीला पर्याय काय, ते आधी सांगावे.

तरीही परीक्षेत जे बिघडले आहे ते बिघडलेच आहे. लेखी पेपरात पलुसकर आणि भातखंडे यांची चरित्रे विचारली जातात. मुले ती जन्म-मृत्यूच्या सनावळीसह पाठ लिहितात, पण पलुसकरांच्या शिष्यपरंपरेतल्या एकाही गायकाचे दहा मिनिटांचे गाणे त्यांनी ऐकलेले नसते. रागाची व्याख्या पाठ आणि राग गाइडमधल्या आलापांएवढा. परीक्षक बाहेरगावचे, तबल्याची साथ करणारा अनोळखी, खोलीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत मिनिटे मोजकी. एका केंद्रावर मी पाहिले, मुलगी काळी चारमध्ये तयारी करून आलेली आणि आतला पेटीवाला दुसऱ्याच पट्टीत वाजवत बसलेला. तिने तशीच गाऊन घेतले. बाहेर आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, ‘काय काय विचारलं?’ पट्टीबद्दल कोणी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. घरी गेल्यावर सांगितले असेल, अशी आशा आहे.

याहून गंभीर एक गाठ आहे, आणि ती कोणी मुद्दाम मारलेली नाही. २०१७ पासून शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळू लागले. हेतू स्तुत्य. कलेला शाळेच्या निकालात जागा मिळाली, आणि बाबांना ‘गाण्यात वेळ घालवतोस’ म्हणायची सोय उरली नाही. त्या वर्षी राज्यात १९३ मुलांना १०० टक्के गुण मिळाले, त्यात खेळ-कलांच्या वाढीव गुणांचा हात होता, हे वर्तमानपत्रांतून गाजले. पण गुण किती परीक्षा झाल्या त्यावर असल्यामुळे पालक उलटी गिनती करू लागले. मूल पाचवीत प्रारंभिकला बसले आणि वर्षाला एक परीक्षा धरली, तर सहावीत प्रवेशिका प्रथम, सातवीत प्रवेशिका पूर्ण, आठवीत मध्यमा प्रथम, नववीत मध्यमा पूर्ण. पाच परीक्षा, पाच वर्षे, हिशेब चोख. हिशेबाच्या माणसाला तो आवडावा असाच आहे.

फक्त मुलाचा गळा या हिशेबात नाही. मुलग्याचा आवाज साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो, म्हणजे आठवी-नववीत. ज्या दोन वर्षांत विलंबित ख्यालाचा भार वाढतो, नेमकी तीच दोन वर्षे त्याच्या गळ्याला विसाव्याची. मुलींचाही आवाज बदलतो, पण इतका उघड नाही, म्हणून निभावते. मुलगा मात्र आज ज्या पट्टीत गायला ती महिनाभराने हाती लागत नाही. तार षड्ज फाटतो, खालचे स्वर अजून भरलेले नसतात. वर्गातल्या मुली पुढे जातात आणि हा लाजेने मागे सरकतो. क्लासमध्ये आठवीनंतर मुलगे कमी का होतात, याचे उत्तर ‘अभ्यास वाढतो’ असे सर्व जण देतात. मला त्यात गळ्याचाही वाटा मोठा दिसतो. पण ज्या वयात मुलगा स्वतःच्या आवाजाला दचकतो, त्या वयात तो हे बोलून दाखवणार नाही.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. भास्करबुवा बखले किर्लोस्कर नाटक मंडळीत गोड गळ्याचा बालनट म्हणून होते. आवाज फुटला आणि कंपनीतली त्यांची किंमत उतरली. पुढे त्यांनी बडोद्याला फैज महंमद खाँ, मग नत्थन खाँ, अल्लादिया खाँ असे गुरू केले आणि १९११ मध्ये पुण्यात जे गायन समाजाचे रोपटे लावले ते आजही भारत गायन समाज म्हणून उभे आहे. चरित्रकार ही हकीकत जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. तीही खरीच. पण कंपनीला गळा हवा होता, मुलगा नको होता, हे त्यातले दुसरे सत्य आहे. आपण गुणांसाठी वर्षे मोजतो तेव्हा आपणही त्या कंपनीच्या मॅनेजरच्या खुर्चीत बसलेलो असतो.

मग पालकाने करायचे काय? जपानचे शिनिची सुझुकी व्हायोलिन शिकवताना आधी आईच्या हातात व्हायोलिन देत. आईला एखादी धून वाजवता येऊ लागली की मूल आपण होऊन वाद्य मागे. ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे ती जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही. विड्यांचा हजाराचा हिशेब पुरा करणाऱ्या बाईला सरगम शिका म्हणणे ही थट्टा होईल. पण त्यातला गाभा घेता येतो. पालक परीक्षक म्हणून बसत नाही, ऐकणारा म्हणून बसतो. मी अशी एक आई पाहिली आहे. राग म्हणजे काय ते तिला सांगता येत नव्हते. सुपात पाने, हात चालू, आणि मुलगी शेजारी पलटे घोटते आहे. मध्येच ती म्हणे, ‘कालच्यासारखं येईना आज.’ मुलगी थांबे, तंबोऱ्याच्या पेटीचा सूर तपासे, आणि बहुधा आईचे बरोबर निघे. रोज ऐकणाऱ्याला कालचे आठवते. परीक्षकाला ते शक्य नसते, कारण त्याने काल ऐकलेलेच नसते.

याची दुसरी, कडक बाजूही आहे. मोगूबाई कुर्डीकर किशोरीताईंना शिकवताना स्थायी-अंतरा दोनदाच म्हणत, तिसऱ्यांदा नाही, असे किशोरीताईंनी सांगितले आहे. ऐकण्याची सवय अशीही लागते. पण त्यावरून कडकपणाची साथ पसरू नये. मोगूबाईंना तो हक्क होता, कारण त्या स्वतः गात होत्या, मुलीला मैफलींना बरोबर नेत होत्या, मागे तंबोऱ्यावर बसवत होत्या. मैफलीत मिळालेली दाद आणि मैफलीबाहेर बाईगायिकेला मिळणारी वागणूक, दोन्ही मुलीने आईच्या पाठीशी बसून पाहिली. स्वतः आयुष्यात एक बैठक न ऐकलेल्या बापाने ‘दोनदाच सांगणार’ म्हणणे ही निव्वळ दमदाटी आहे.

माझी तक्रार म्हणूनच परीक्षेशी कमी आणि तिच्या तारखेशी जास्त आहे. मंडळाची सत्रे वर्षातून दोनदा होतात. परीक्षा पुढे जाऊ शकते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. दहावीचे चार गुण हातून गेले तर अकरावीच्या प्रवेशात काही ठिकाणी फरक पडेल, हे मी नाकारत नाही. ज्या घरात त्या चार गुणांवर अनुदानित कॉलेज की महागडे कॉलेज हे ठरते, त्या घराला ‘कलेसाठी कला’ ऐकवणे बेजबाबदारपणाचे आहे. अशा घरात निदान मुलगा पेटी किंवा तबला घेऊन सुरांच्या-लयीच्या जवळ राहील आणि गळ्याला वर्षभर मोकळीक मिळेल, एवढे गुरू आणि पालक मिळून ठरवू शकतात. शासनाला एक करता येईल : परीक्षांची संख्या मोजण्याबरोबर, मूल किती वर्षे सलग शिकते आहे हेही मोजता येईल. गुरूच्या हजेरीपटावर ते असते. हजेरीपट खोटे होतील हा आक्षेप मला ठाऊक आहे, पण प्रमाणपत्रांभोवतीही गाइडांचा बाजार उभा राहिलाच की.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरचे सत्र तोंडावर आलेले असेल. आमच्या शेजारचा मुलगा आठवीत आहे. मध्यमा प्रथमचा फॉर्म जुलैतच भरून झाला आणि आवाज गणपतीनंतर फुटला. फी वाया जाईल का, हे विचारायला त्याची आई आली होती. फीचे मला सांगता आले नाही. मी म्हटले, ताई, त्याच्या सरांना आधी विचारा की आज याचा सा कुठे लागतो. ती म्हणाली, ते त्यालाच विचारते, सर म्हणतात हल्ली तो वर्गात बोलतच नाही.